देशी झाडं लावूनही माती परीक्षणात पालाश (पोटॅश) घटलं, असं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी तालुक्यात सड्याच्या (कातळ पठाराच्या) उताराला आमची २० गुंठे वरकस जमीन आहे. वर वीतभर माती, खाली जांभा. २०१८च्या जूनमध्ये तिथे ऐन, किंजळ, शिवण, करंज आणि थोडे बेहडे लावले. आंब्याची कलमं न लावल्याबद्दल घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

शिवण दोन पावसाळ्यांतच डोक्यावर गेली, आता बुंधा दोन्ही पंजांत मावत नाही. करंजही बरे आहेत. ऐन मात्र चार वर्षं गुडघ्याएवढेच. एक तर मेला समजून तिथे दुसरं रोप लावायला खणलं, तर वर काडी आणि खाली अंगठ्याहून जाड मूळ! माती परत लोटली. आता तोच सगळ्यांत सरळ वाढतोय.

अडचण मातीची आहे. लावणीआधी तपासणी केली होती, गेल्या वर्षी पुन्हा केली. सेंद्रिय कर्ब ०.९ वरून १.२ टक्के झाला. पण सामू (pH) ५.६ वरून ५.३ वर आला आणि उपलब्ध पालाश हेक्टरी २१० किलोंवरून १४५. स्फुरद (फॉस्फरस) तेव्हाही कमी, आताही कमीच. शेजारचे काका म्हणतात, "झाडांनी जमीन चुसली हो तुझी." त्यांना भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजायला, आमच्याकडचा पातेराही (गळलेला पाला) हवा असतो. देत राहू का? खत घालावं का?

प्रतिसाद:
काका अर्धे बरोबर आहेत. वाढत्या वयात झाड पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलतं आणि मुळांवाटे आम्लता सोडतं, म्हणून सामूही उतरतो. तुमचं बरंचसं पालाश शिवणीत उभं आहे. पानगळीतून ते परत येतं, पण पातेरा दिलात तर काकांच्या राखेतून त्यांच्या भाताच्या रोपांना मिळणार! शिवणीचं पान लवकर कुजतं, ऐनाचं चिवट, म्हणून मिसळून पसरा. स्फुरद जांभ्याच्या मातीत लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, नुसत्या पातेऱ्याने ते पटकन वाढणार नाही. करंजाच्या बारीक मुळांवरची गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी असेल तर हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरून ठेवायचं काम चालू आहे. आणि दोन्ही नमुने एकाच महिन्यातले आहेत ना?

धागाकर्ता:
अरेच्चा! पहिला मेमधला, दुसरा ऑक्टोबरचा. म्हणजे मधे अख्खा पाऊस धुऊन गेला. आता मेमध्ये झाडांखालचा आणि दगडी गडग्यापलीकडच्या गवताखालचा, असे दोन्ही नमुने सोबत देतो. गाठी आत्ताच बघून आलो: तीन गुलाबी, एक करडी. पातेऱ्याचं काकांना कसं सांगू, तेवढं कुणीतरी सुचवा. दरवर्षी पहिला फणस त्यांच्याकडूनच येतो.