मदत हवी आहे : कुस्ती खेळणाऱ्यानं लेसिक करावं, स्माईल की पीआरके?

मंडळी नमस्कार, धाकट्या भावासाठी विचारतोय. वय 23, दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार, नंबर दीड वर्षं झाली हललेला नाही. लेसर ऑपरेशन करून चष्मा काढायचं लई मनात आहे पण गडी रोज पहाटे तालमीत असतोय, लाल मातीत, आणि तिथंच सगळं अडलंय.

कोल्हापुरात राजारामपुरीत एका डॉक्टरांना दाखवलं, कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी 505 मायक्रॉन निघाली. ते म्हणाले लेसिक करून टाका, दुसऱ्या दिवशी दिसायला लागतंय. पण लेसिकमध्ये कॉर्नियाची पातळ झडप उचलून आत लेसर मारतात आणि जोराचा मार बसला तर ती झडप नंतरही सरकू शकते म्हणे, आता कुस्तीत डोकं-कोपर लागणारच की ओ! (हे डॉक्टरांनी आपणहून सांगितलंच नाही, मीच विचारल्यावर "हां, तसं आहे" म्हणाले.)

स्माईलमध्ये झडप नसते, लेसरनं कॉर्नियाच्या आत कापलेली पातळ चकती दोन-चार मिलीमीटरच्या चिरेतून काढतात, पण खर्च जास्त. पीआरकेत झडप न करता कॉर्नियाचा अगदी वरचा थर खरवडून तिथंच लेसर मारतात, मार लागायच्या हिशोबानं ते बरं वाटतंय, पण चार-पाच दिवस डोळे चुरचुरणार आणि नजर साफ व्हायला कधीकधी महिने लागतात.

तर कुणी पैलवान, कबड्डीवाले, पोलीस भरतीवाले असाल आणि यातलं काही केलं असेल तर सांगा, परत मातीत किती दिवसांनी उतरलात? डोळे कोरडे पडायचा त्रास किती टिकला? आई म्हणते चष्माच बरा, पण चष्मा घालून कुस्ती कशी मारणार?