सूतवाल्याने वसुलीचा दावा लावलाय, पण आमच्या साड्यांचे पैसे त्याच्याकडेच अडकलेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव-वडगावचे. घरात चार पॉवरलूम. बाबा २०१९ला गेले, तेव्हापासून धंदा आईच्या नावावर. ११ ऑगस्ट २०२५ला आईला दिवाणी कोर्टाचं समन्स मिळालं. सूत देणाऱ्या व्यापाऱ्याने १,८६,४०० रुपये आणि वर १८ टक्के व्याज मागितलंय. दावा सगळा कन्नडात. आई कन्नड फडाफडा बोलते, पण वाचता येत नाही. शेजारच्या कॉलेजच्या पोरीने वाचून दाखवला.

सूत घेतलं हे खरंच, नाही कोण म्हणतंय? शेवटचं बिल फेब्रुवारी २०२२चं. पण नोव्हेंबर २०२२मध्ये त्यानेच आमच्या २५० साड्या उचलल्या, नगाला ८५० रुपयांनी. म्हणजे २,१२,५०० झाले. सुताचे वजा केले तरी २६,१०० आमचेच येणे. खातं चालूच राहील म्हणून आईने तगादा लावला नाही. दाव्यात साड्यांचा शब्द नाही!

पुरावा म्हणजे आमची वही. त्याच्या दिवाणजीने पेन्सिलीने लिहिलंय, '२५० नग पोचले'. भाव नाही, सही नाही, पानावर मागाच्या तेलाचा डाग. साड्यांच्या दराचं बोलणं माझ्या जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपला आहे.

गल्लीतले एक काका म्हणतात, तीन वर्षं उलटली, कोर्टात जाऊच नका. खरं का? आणि साड्यांसाठी वेगळा दावा लावायचा का?

प्रतिसाद, निपाणीकर:
काकांचा चहा बंद करा आधी. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा (तुमची बाजू न ऐकताच निकाल) होऊन बसेल. कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत घेतं.

वेगळा दावा नको. कैफियतीतच प्रतिदावा, म्हणजे त्याच्यावर आपला उलट दावा, करता येतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ८, नियम ६अ). कोर्ट फी दाव्यासारखीच भरावी लागते. त्याने उद्या आपला दावा काढून घेतला तरी तुमचा चालू राहतो.

मेख मुदतीत आहे. प्रतिदावा तुम्ही कोर्टात द्याल त्या दिवशीचा धरतात, त्याच्या दाव्याच्या तारखेचा नाही. माल दिल्यापासून तीन वर्षं, म्हणजे नोव्हेंबर २०२५. तुमचे ९० दिवस ९ नोव्हेंबरला भरतात. साड्या १ तारखेला गेल्या असतील तर? म्हणून ३० दिवसांतच उरका.

आणि तीन वर्षं झाली म्हणून त्याच्या दाव्याची मुदत संपली, हा काकांचा मुद्दा उलटूही शकतो. त्याने सूत दिलं, तुम्ही साड्या दिल्या, हे परस्पर चालू खातं आहे असं तो म्हणेल. तसं ठरलं तर तीन वर्षं शेवटची नोंद पडली त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात, आणि ती नोंद तुमच्याच साड्यांची! मुदत संपली आणि साड्यांत पैसे फिटले, हे दोन्ही बचाव पर्यायी म्हणून मांडता येतात, पण शब्द वकिलाने जपून लिहायला हवेत.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. जुना फोन विकू नका. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं.

धागाकर्ता:
खूप आभार. उद्या आईला घेऊन जातोय. टेम्पोवाल्याला फोन केला, त्याला तारीख आठवत नाही, पण तुळशीच्या लग्नाआधी माल नेला म्हणतो. २०२२चं कालनिर्णय कुणाकडे आहे का?