बायोप्सीनंतर चालणे, सूर्यनमस्कार आणि पाण्याची घागर पुन्हा केव्हा?

सकाळची फेरी (परभणी)

नमस्कार. माझे वय ४६ आहे. गेली सहा वर्षे मी कृषी विद्यापीठाच्या परिसरात रोज पहाटे सुमारे पाच किलोमीटर चालते आणि घरी येऊन बारा सूर्यनमस्कार घालते. गेल्या महिन्यात डाव्या स्तनात गाठीसारखे काही हाताला लागले. आधी मॅमोग्राफी व सोनोग्राफी झाली, आणि त्यातून डॉक्टरांचे समाधान न झाल्याने परवा मंगळवारी छत्रपती संभाजीनगरला जाऊन सोनोग्राफीत पाहत सुईने तुकडे घेण्याची, म्हणजे कोअर बायोप्सीची, तपासणी करून घेतली. अहवाल यायला आठ-दहा दिवस लागतील. निघताना हातात दिलेल्या कागदावर ‘दोन दिवस जड काम टाळावे’ एवढी एकच ओळ होती. जड म्हणजे नेमके काय, असे विचारले तर ‘आराम करा’ म्हणाले आणि पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले.

पट्टीभोवती जांभळा डाग आहे. दाबले तर दुखते, एरवी नाही. सुई लागलेली गाठ हालचालीने पसरते, म्हणून महिनाभर उंबरठा ओलांडू नये, असे सासूबाईंचे मत आहे. योगवर्गातल्या मैत्रिणी मात्र उद्यापासूनच ये म्हणतात. चालणे आणि सूर्यनमस्कार कोणत्या क्रमाने सुरू करावेत? मॅमोग्राफीनंतर मी दुसऱ्याच दिवशी चालायला गेले होते, ते चुकले का, हीही शंका मनात आहे.

लातूरकर माई

ताई, दोन वर्षांपूर्वी माझीही हीच तपासणी झाली, म्हणून माझी चूक आधी सांगते. व्यायाम मी अगदी कटाक्षाने बंद ठेवला होता. पण आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आले. सवयीने घागर उचलली, एक भरली, दुसरी भरली, आणि तिसरी कमरेवर घेताना आत काहीतरी चमकले. दुपारपर्यंत त्या जागी लिंबाएवढी सूज आली. डॉक्टरांनी पाहून सांगितले की आत रक्त साकळले आहे, घाबरण्यासारखे नाही, आपोआप जिरेल. ते जिरलेही, पण निळा डाग हिरवा आणि मग पिवळा होऊन जायला तीन आठवडे लागले, आणि तेवढे दिवस चालणेही सुटले. माझी गाठ साधी, फायब्रोअॅडिनोमाची निघाली. आपण व्यायामाला घाबरतो, आणि घरातल्या ओझ्याला मात्र काम म्हणून मोजतच नाही.

फिजिओथेरपिस्ट, छत्रपती संभाजीनगर

आधी मॅमोग्राफीची शंका मिटवतो. मॅमोग्राफीत आणि सोनोग्राफीत जखम होत नाही, त्यामुळे विश्रांतीची गरज नसते. मॅमोग्राफीत दाब दिल्यामुळे एखादा दिवस ठणका राहिला तर तेवढे त्रासाचे व्यायाम टाळावेत. आपण दुसऱ्या दिवशी चाललात ते योग्यच होते. बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची तपासणी असेल तर बहुधा दुसऱ्या दिवशी सर्व सुरू करता येते.

कोअर बायोप्सीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात सर्वसाधारणपणे १४ गेजची, सुमारे २ मिलिमीटर जाडीची सुई वापरतात, आणि त्वचेवरच्या बारीकशा छेदातून ती आत नेऊन काही तुकडे घेतात. बाहेर टाकाही लागत नाही, म्हणून जखम क्षुल्लक वाटते. आत मात्र सुईच्या वाटेत रक्ताची गुठळी बसून ती वाट बंद झालेली असते. स्तनाच्या ऊतीत स्वतःचा उचलणारा स्नायू नसतो, ती छातीच्या मोठ्या स्नायूवर टेकलेली असते. आपण काही ढकलतो, ओढतो किंवा उचलतो तेव्हा हा स्नायू आवळतो आणि वरच्या ऊतीला ताण बसतो. धावताना, उड्या मारताना ती वरखाली हिंदकळते. शिवाय श्रमाने रक्तदाबही वाढतो. या तिन्हींमुळे ताजी गुठळी सुटून आत पुन्हा रक्त येऊ शकते. पहिले २४ ते ४८ तास म्हणूनच जपायचे असतात. निर्वात पद्धतीच्या जाड सुईने तुकडे घेतले असतील तर हा काळ वाढतो, आणि शस्त्रक्रियेने गाठ काढून टाके घातले असतील तर सर्जन सांगतील तोच हिशोब.

आपले दोन दिवस आज पूर्ण होत आहेत. उद्या सपाट रस्त्यावर, नेहमीच्या निम्म्या अंतरापर्यंत, सावकाश चालावे. आधार देणारी घट्ट ब्रा घालावी, आणि सुरुवातीचे दोन दिवस ती रात्रीही घातलेली असली तर उत्तमच. त्या रात्री ठणका वाढला नाही तर परवा अंतर वाढवावे. वाढला तर एक पायरी मागे यावे. सूर्यनमस्कारात पहिली तीन आसने लवकर जमतात, फक्त हात वर नेताना ताण जाणवला तर तिथेच थांबावे. हाताच्या बळावर शरीर तोलायचे आसन, छाती जमिनीला टेकवायचे अष्टांग आणि त्यानंतरचे भुजंगासन यांना मात्र आठवडाभर थांबणे बरे, कारण तिथे संपूर्ण भार छातीच्या स्नायूवर किंवा थेट त्या जागेवर येतो.

माईंनी ओझ्याचा मुद्दा काढला, तो मी रुग्णांना रोज सांगतो. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो, पाण्याचा वीस लिटरचा जार वीस किलोच्या पुढे जातो. स्कूटी दुहेरी स्टँडवर लावणे आणि हापसा मारणे हीसुद्धा छातीच्या स्नायूचीच कामे आहेत. ज्वारीचे पीठ तर तळव्याने रेटून रेटून मळावे लागते, त्याशिवाय भाकरीला चिरा पडतात. पाच माणसांच्या भाकरीचे पीठ मळणे म्हणजे त्या स्नायूचा भरपूर व्यायाम झाला. तीन-चार दिवस ते दुसऱ्या कोणी मळावे.

दुखलेच तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि पॅरासिटामॉल घ्यावी. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पंधरा मिनिटे तळहाताने दाबूनही रक्त थांबले नाही, सूज वाढतच गेली, जागा लाल व गरम झाली, पू आला किंवा ताप आला तर अहवालाची वाट न पाहता दाखवावे.

सासूबाईंना कृपया एवढे सांगा की चालण्याने किंवा सूर्यनमस्काराने गाठ पसरत नाही. उलट महिनाभर हात जखडून ठेवला तर खांदा आखडतो, आणि मग तो सोडवायला माझ्याकडे यावे लागते.

अंबाजोगाईहून

माझ्या आईचे वय ६८ आहे. हृदयात स्टेंट असल्याने ती रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेते आणि पुढच्या आठवड्यात तिची हीच तपासणी आहे. तिलाही हेच वेळापत्रक चालेल का?

फिजिओथेरपिस्ट, छत्रपती संभाजीनगर

तिला जसेच्या तसे लावू नये. या गोळ्यांमुळे डाग मोठा पडतो आणि रक्त साकळण्याची शक्यता वाढते. गोळ्यांची माहिती तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आधीच द्यावी, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी स्वतःहून बंद करू नये. स्टेंट असताना ते धोक्याचे ठरू शकते. तपासणीनंतर घरातल्या घरात फिरणे चालेल, बाकीचे विचारूनच.

सकाळची फेरी (परभणी)

आज रविवार. शुक्रवारी दोन, काल तीन आणि आज चार किलोमीटर चालले; रात्री ठणका नव्हता. पीठ मळायला सासूबाईंनी घेतले आहे, आणि मी घागरीकडे पाहिले तरी त्या आतून आवाज देतात. पट्टी आज गळून पडली. त्या जागी वाटाण्याएवढा कडक दाणा हाताला लागतो, तो पूर्वी नव्हता. चालण्यामुळे झाला असेल का?

फिजिओथेरपिस्ट, छत्रपती संभाजीनगर

चालण्यामुळे नव्हे. सुईच्या वाटेत साकळलेले रक्त घट्ट होते तेव्हा असे लागते आणि ते जिरायला काही आठवडे जातात. वरचेवर चाचपून पाहू नये. अहवाल आणायला जाल तेव्हा डॉक्टरांना हाताने दाखवा, आणि त्याआधी तो वाढताना दिसला तर त्याच दिवशी फोन करा.