मदत हवी आहे: घाटात क्लच स्लिप मारतोय, केबलचं काम की प्लेटचं?

नमस्कार मंडळी,

गाडी वडिलांची, २००६ ची, ८०० सीसी पेट्रोल, केबलचा क्लच. १ लाख ३२ हजार किमी झालेत. मी बीडला असतो, गाव केज तालुक्यात, दर शनिवारी जाणं-येणं. गुडघ्यांमुळे आईला एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून ही गाडी चालू राहणं गरजेचं आहे.

दोन महिन्यांपूर्वी रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज यायला लागला. पहिला गिअरही अडायचा, दोनदा क्लच दाबल्यावर पडायचा. जवळच्या गॅरेजवाल्याने केबल ओढून दिली. पंधरा मिनिटांचं काम, आणि गिअर लोण्यासारखे पडू लागले.

तीन आठवड्यांनी पाली सोडून मांजरसुंब्याचा घाट चढत होतो. मागे सरकी पेंडेची दोन पोती, म्हणजे शंभर किलो, शेजारी आई. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. ओव्हरटेकला रेस दिली तर इंजिन नुसतं घोंघावलं, गाडी आहे त्याच वेगात. दुसरा टाकला, तरी तेच. तेवढ्यात आई म्हणाली, "काय जळायलंय रे?" बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. थंड झाल्यावर गाडी कशीबशी वर आली. सपाट रस्त्यावर मात्र काहीच जाणवत नाही.

आता क्लच अगदी वर, पाय जवळजवळ सुटल्यावर उचलतो. पेडलवर नुसता पाय टेकला तरी बारीक शिट्टीसारखा आवाज येतो.

दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेटही न उघडता सांगितलं, गिअरबॉक्स उतरवायचा, पूर्ण सेट टाकायचा, साडेसहा हजार. लागतील तर देईन, पण आधी रोग कळू द्या. केबल ताणल्यामुळेच हे झालंय का? ढिली केली तर भागेल का?

लातूरहून उत्तर

दादा, इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबून बघा. पायाला हे कळत नाही. सुरुवातीला १५ ते २० मिमी तरी पेडल मोकळं जायला हवं (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल), मग जड लागायला हवं. पहिल्यापासूनच जड लागलं तर केबल जास्त ओढली गेलीय. मग रिलीज बेरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) कायम प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या, पाकळ्यांवर टेकून राहतं. क्लच प्लेट कधीच पूर्ण दाबली जात नाही, ओझं आलं की घसरते आणि जळते. शिट्टी त्या बेरिंगचीच वाटते.

पण घाई करू नका. केबल लांबली की मोकळी चाल वाढते, प्लेट झिजली की तीच चाल कमी होते. तुमच्याकडे दोन्ही झालेलं असू शकतं. म्हणून आधी चाल नीट करा, मग मोकळ्या जागेत, पुढे कोणी उभं नसताना, हँडब्रेक ओढून तिसरा टाका, थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट पकडतेय. चालूच राहिलं तर प्लेट गेली. ही परीक्षा एकदाच करा, दहादा करून उरलीसुरली जाळू नका.

आणि इंजिन-गिअरबॉक्स जुळतात तिथे खालून तेल दिसतं का बघा. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असेल तर नवी प्लेटही घसरेल. गिअरबॉक्स उतरलेला असतानाच सील बदलून घ्यायचं, पुन्हा मजुरी कशाला?

केजकर (मूळ प्रश्न माझाच)

काका, हाताने दाबून बघितलं, चाल शून्य! पहिल्या मिलिमीटरपासून जड. नट सोडून १८ मिमी केली, शिट्टी गेली, पण रिव्हर्स पुन्हा कर्रर्र. केबल काढली तर गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरकडच्या टोकाला चार तारा तुटलेल्या, बोटाला टोचल्या तेव्हा कळलं. मूळ दुखणं हे होतं, आणि त्यावर ताण देऊन आम्ही प्लेट जाळली.

नवी केबल टाकून, चाल तेवढीच ठेवून तिसऱ्यावर परीक्षा केली. इंजिन बंद पडलं नाही. मग गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं, समोर उभा राहिलो. प्लेट एका बाजूने रिवेटपर्यंत आलेली, फ्लायव्हीलवर (इंजिनची जड चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) तापून पडलेले निळे डाग. ऑइल सील कोरडं निघालं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग तिन्ही बदलले. फ्लायव्हील लेथवर साफ करून घेतलं, ते मेकॅनिक आधी टाळत होता, मी हट्ट धरला.

काल आईला घेऊन घाट तिसऱ्यात चढलो. नवी प्लेट बसेपर्यंत पेंड टेम्पोने पाठवतोय.