आईच्या साड्यांचं काय करायचं?

आईच्या साड्यांनी कपाट भरलंय, पण एकही देववत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मलाही ते जमलं नव्हतं. शेवटी सगळ्या साड्या पलंगावर काढल्या आणि कापडानुसार ढीग केले, तेव्हा कुठे सुटायला लागलं.

सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घ्या. एका गोधडीत चार-पाच साड्या सहज जातात. सगळ्यात मऊ, विरलेली साडी वर ठेवायला सांगा, अंगाला तीच लागते. आमच्या गोधडीच्या एका कोपऱ्यात आईने फाटलेल्या पदराला घातलेले रफूचे टाके तसेच आहेत, माझी लेक झोपताना त्यांवरून बोट फिरवते. सिंथेटिक साड्या मात्र गोधडीत घालू नका, सरकतात. त्या धुऊन, इस्त्री करून बोहारणीला किंवा गरजूंना द्या.

जरीच्या दोन-तीनच ठेवा, पण नीट ठेवा. मलमलच्या कापडात गुंडाळायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर घडीवर जर तुटते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, ती काळी पडते.

आणि हे एकट्याने करू नका. बहिणीला बोलवा, वेळ लागला तरी चालेल.