'सस४'ला मराठीत काय म्हणायचं, आणि लिहायचं कसं?

पांढरी दोन:
भाची गिटारच्या क्लासला जाते. परवा तिनं एका गाण्याचा कागद पुढ्यात टाकला. शब्दांच्या डोक्यावर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे जुडगे, लिहिलेल्या. एका ओळीत 'डीसस', तिसऱ्या ओळीत 'डीसस४' आणि कडव्यात नुसतं 'डी४'. "मामा, ह्या तीन कॉर्ड आहेत का एकच?" मी पेटीवाला माणूस, गिटार कॉलेजात चार कॉर्डपुरती हाताळलेली. वाजवून पाहिलं तर तिन्ही ठिकाणी एकच बसते. मग मराठीत नीट समजावावं म्हणून शोधलं, तर एका लेखात 'निलंबित स्वरसंघात' असा शब्द निघाला. भाची म्हणाली, "काय केलं त्यानं?"

तर दोन प्रश्न. 'सस' म्हणजे 'सस्पेंडेड', त्याला मराठीत धड शब्द आहे का? आणि ह्या तीन लिखाणांपैकी बरोबर कुठलं? (चिन्हं इथे देवनागरीत लिहितोय, कागदावर अर्थात रोमनच असतात.)

कोशातला किडा:
भाचीला शंभर गुण. निलंबित म्हटलं की आपल्याला लाच घेताना सापडलेला माणूस दिसतो, त्याला इलाज नाही. शब्द मात्र निर्दोष आहे. लंब् म्हणजे लटकणे, आपलं 'लोंबणे' त्याच घरचं. विज्ञानाच्या पुस्तकात द्रावण, निलंबन, कलिल शिकलोच की, तिथे कुणी हसलं नाही. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधलं टांगणंच आहे. पण मराठीनं त्या एका शब्दासाठी जागोजागी वेगळी सोय करून ठेवलीय: नोकरीत निलंबन, शिक्षेला किंवा आदेशाला स्थगिती, नदीवर झुलता पूल, आणि गाडीखाली सरळ 'सस्पेन्शन'. संगीताच्या वाट्याला ह्यातलं काहीच आलं नाही.

मला विचाराल तर 'त्रिशंकू'. विधानसभेला चालतो, कॉर्डला का नाही? ना मेजर, ना मायनर (कॉर्डच्या ह्या दोन मुख्य जाती), मध्येच टांगलेली.

पुणेकर:
गंमत म्हणून नुसतं 'सस' रोमनमध्ये टाकून शोधा. मला पाषाणपुढच्या सूस रोडवरचे फ्लॅट दाखवतंय. आणि घरातलं पोरगं म्हणतं 'सस' म्हणजे संशयास्पद. चालू द्या.

मडगावकार:
त्रिशंकू झकास आहे, पण त्यात एक चूक लपलेली आहे. टांगलेली कॉर्ड नसते. टांगलेला असतो तिच्यातला एक स्वर.

मी लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये गायलोय, तिथे हे गळ्यानं शिकायला मिळतं. सोळाव्या शतकातल्या अनेक आवाजांच्या चर्चसंगीतात ह्याचे पक्के नियम होते आणि त्याला तीन पायऱ्या होत्या. समजा एफ कॉर्ड चालू आहे आणि टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, एफ गातोय. तो स्वर तिथे घरचा, कुणाची तक्रार नाही. ही तयारी. मग बाकीचे आवाज सी कॉर्डवर सरकतात, टेनर मात्र आपला एफ धरूनच बसतो. सगळे स्टॉपवर उतरले आणि हा अजून बसमध्येच. हे सस्पेन्शन. आणि मग तो एक पायरी खाली, ई-वर उतरतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. ही सुटका. 'आमेन'च्या आधी हे किती वेळा केलं असेल, मोजदाद नाही.

आता ४ कुठून आला ते बघा. साधारण १६०० पासून ऑर्गनवाल्यांना फक्त खालचा बासचा स्वर लिहून देत आणि वर काय धरायचं ते आकड्यांत सांगत. बासपासून चौथा स्वर धरून मग तिसऱ्यावर उतरायचं असेल तर '४ ३'. तुमच्या भाचीच्या कागदावरचा ४ त्याच खानदानातला आहे. ३ मात्र वाटेत गळून पडला. गिटारवाले ४ वाजवतात आणि पुष्कळदा उतरतच नाहीत!

म्हणून जुन्या शिस्तीचे लोक 'सस२' ह्या नावावर नाक मुरडतात. त्या शिस्तीत अडकलेला स्वर सहसा खाली उतरतो. '९ ८' असं सस्पेन्शन होतं, पण त्यात, बासचा स्वर सा धरला तर, वरचा रे खाली सा-वर येतो, ग जागेवरच असतो. ग काढून त्याच्या जागी रे बसवायचा आणि त्याला सस म्हणायचं, हे 'सस४'च्या नावावरून पाडलेलं नाव आहे. चुकीचं म्हणा, पण आता रूढ झालंय.

सहावी तार:
इतिहास ऐकून बरं वाटलं. आता हाताचं बोलू.

साधी डी धरा: × × ० २ ३ २ (जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिलीपर्यंत; आकडा म्हणजे कितव्या फ्रेटवर, दांड्यावरच्या कितव्या घरात, दाबायचं; ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे वाजवायची नाही). पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर जे बोट आहे, सगळा खेळ त्या एका जागेचा. करंगळी शेजारच्या तिसऱ्या फ्रेटवर टेकवली की डीसस४ (× × ० २ ३ ३). ते बोट उचलून तार मोकळी सोडली की डीसस२ (× × ० २ ३ ०). बाकी हात हलत नाही. गिटारवर ह्या कॉर्ड इतक्या माजल्यात त्या ह्याच सोयीमुळे. ए-चंही तसंच: × ० २ २ २ ०, दुसऱ्या तारेवर एक फ्रेट वर की सस४, बोट उचललं की सस२. ई-ला सस४ सोपी (० २ २ २ ० ०), सस२-ला मात्र ० २ ४ ४ ० ० अशी बोटं ताणावी लागतात, म्हणून ती फारशी कुणी वाजवत नाही.

लिखाणाबद्दल माझं मत ठाम आहे: आकडा लिहायचाच. 'डी४' आणि 'डी२' हे जागा वाचवायला लिहिलेलं असतं, कळतंही, पण नवख्याला '४' म्हणजे चौथा फ्रेट वाटतो. हे मी माझ्याच एका विद्यार्थ्यात पाहिलंय. नुसतं 'डीसस' म्हणजे बहुतेक ठिकाणी सस४. बहुतेक. जॅझवाल्यापुढे 'जीसस' टाका, तो त्यात कोमल नी आपणहून घालणार, आणि पुष्कळदा खाली जी ठेवून वर सरळ एफ मेजर वाजवणार. त्याच्या दृष्टीनं त्यानं काहीच आगाऊपणा केलेला नसतो.

सात असेल तर तो आधी: 'ए७सस४' (× ० २ ० ३ ०). 'एसस७' असं लिहिलेलं दिसतं आणि माझं डोकं फिरतं. सस हे ग-च्या जागेबद्दल सांगतंय, तिथे सातवा स्वर येऊन बसतो की काय? आधी कॉर्ड कुठल्या जातीची ते, मग तिच्यात काय बदललं ते.

आणखी एक. डीसस२-मधले स्वर डी, ई, ए. एसस४-मधले ए, डी, ई. तेच तीन! नाव ठरतं ते खाली कुठला स्वर वाजतोय आणि गाणं कुठे चाललंय ह्यावरून. बोटांवरून नाही.

पांढरी दोन:
मडगावकर आणि सहावी तार, दोघांचे आभार. मी हे सगळं पेटीवर मांडून पाहिलं आणि एकदम सोपं झालं. डी म्हणजे माझी पांढरी दोन, तिला सा धरलं. मेजर म्हणजे सा ग प. मायनरला ग कोमल. सस४ म्हणजे सा म प, सस२ म्हणजे सा रे प. संपलं! मेजर की मायनर हे सांगणारा एकटा गंधार, तोच उठून गेला आणि शेजारचा त्याच्या जागी येऊन बसला.

ओढही कळली. शुद्ध म-पासून शुद्ध ग फक्त अर्ध्या स्वरावर, त्यामुळे म अगदी घरंगळायच्या बेतात. कोमल ग-वर उतरायचं तर पूर्ण स्वराचं अंतर, ती ओढ तितकी तीव्र लागत नाही. निदान माझ्या कानाला.

मग शब्द 'गंधारहीन' का करू नये?

कोशातला किडा:
'हीन' नको, रडका वाटतो. शिवाय नुसता सा आणि प वाजवतात ती पॉवर कॉर्डही गंधारहीनच. ग नाही एवढं सांगून भागत नाही, त्याच्या जागी कोण आलं तेही सांगायला हवं.

मोकळी जोड:
मी तंबोऱ्यावाली, उशिरा आले. सगळे एक गोष्ट धरून चाललेत, की म आला म्हणजे तो ग-ची वाट बघतोय. वृंदावनी सारंग घ्या. ग आणि ध वर्ज्य. सा रे म प नी. एका मैफलीत मुलानं साथीला गिटार घेतली होती आणि डी मेजर छेडत होता. दर वेळी तो शुद्ध ग कानात खुपायचा. मध्यंतरात त्याला म्हटलं, ते बोट तिथून काढ रे बाबा. मग सा म प आणि सा रे प, ह्या दोनच कॉर्डवर उरलेला सारंग छान गेला. तिथे म कुठेही उतरायला निघालेला नव्हता, तो घरीच होता. दुर्गालाही तेच, तिथे ग आणि नी नाहीत. मग ह्यांना 'लटकलेला', 'अडकलेला', 'त्रिशंकू' कसं म्हणणार?

आणि गंधार पूर्ण जातो असंही नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो कुणी लावलेला नसतो, षड्जाच्याच तारेत पाचव्या पटीला तो असतो. गिटारच्या जाड तारेतही असणार. म वाजवताना खाली तो बारीक ग कुरबुरत असतोच.

सहावी तार:
हे खरंय. तारा डी ए डी जी ए डी अशा लावतात ती एक प्रसिद्ध जुळणी आहे. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये डेव्ही ग्रॅहमनं ती लोकांपुढे आणली. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या तर डी, जी, ए, म्हणजे अख्खी डीसस४. लोक त्यावर तासन्‌तास वाजवतात, कुणी ग-वर उतरायची घाई करत नाही. तंबोरा मांडीवर घेतल्यासारखं वाटतं.

मडगावकार:
हार मानतो, अर्धी. कॉयरमध्ये तोच आकार लटकतो, सारंगात तो बसतो. म्हणजे 'सस्पेंडेड' हे त्या तीन स्वरांचं वर्णन नाहीच, ते पुढेमागे काय चाललंय ह्याचं वर्णन आहे. पण लेबल म्हणून 'सस' आता जगभर चिकटलंय, ते सोलायला जाऊ नका. मुलगी उद्या बाहेर वाजवायला गेली तर तिला 'त्रिशंकू' म्हणून कोण ओळखेल?

पांढरी दोन:
ठरलं. भाचीच्या कागदावर तिन्ही ठिकाणी 'डीसस४' केलं आणि खाली पेन्सिलीनं 'सा म प'. स्वर खरोखर अडकवून सोडायचा असेल तिथे, म्हणजे मडगावकरांच्या '४ ३'-ला, मी 'झुलता मध्यम' म्हणणार. तो उतरतो तरी. सारंगाला नुसतं सामप.

आता तिचा पुढचा प्रश्न. तिच्या क्लासात जीसस४ अशी दाखवलीय: ३ २ ० ० १ ३. मी एकेक तार मोजली. पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट म्हणजे बी, आणि जी-ला सा धरलं तर तो गंधार! मग हे सस कसं?

सहावी तार:
नाहीच. जी-ची सवय असलेला हात मधलं बोट तिथेच विसरतो, अगदी जुने वाजवणारेसुद्धा. ती पाचवी तार बोटाच्या कडेनं दाबून मुकी करा: ३ × ० ० १ ३. आता सस४. बोट राहिलं तर सा ग म प चारही वाजतात, त्याचं नाव 'जीअ‍ॅड४'. 'अ‍ॅड' म्हणजे ग जागेवर ठेवून वर एक जास्तीचा, 'सस' म्हणजे ग-ला उठवून. सीअ‍ॅड९ आणि सीसस२-मध्ये लोक गोंधळतात तोही ह्याच कारणानं.

पांढरी दोन:
तिला दोन्ही वाजवून दाखवल्या. तिला बोट विसरलेलीच जास्त आवडली. कागदावर आता 'अ‍ॅड४' लिहिलंय.