बाळंतपणाच्या आठवणी: घरातल्या, दवाखान्यातल्या, वाटेवरच्या

निवृत्त_सिस्टर
काल भाचीचा फोन आला. पाचवा महिना लागलाय. कुठलेसे व्हिडिओ पाहिलेत, म्हणते, "मावशी, मला दवाखाना नको. घरीच, नॅचरल. तू येशील ना माझ्याजवळ?" तिला लगेच काही बोलले नाही. बाहेर पाऊस सुरू होता, रात्रभर झोप लागली नाही. ३१ वर्षं लेबर रूममध्ये काढली, एकेक बाई डोळ्यांसमोर येऊन गेली.

१९९३ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात लागले. टिनाचं छत, एक टेबल, लाईट गेली की कंदील. तेव्हा बाई दवाखान्यात यायची ती अडल्यावरच. घरी दोन दिवस कळा काढून, सुईण दमली की बैलगाडीत टाकून आणायचे. दवाखाना म्हणजे मरायची जागा असं गावाला वाटायचं, त्यात गावाची चूक नव्हती. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर हातात फार काही उरतच नसे.

१९९८ चा श्रावण. नाल्याला पूर, डॉक्टर पलीकडे अडकलेले. पहिलटकरीण आली, आदल्या दिवसापर्यंत निंदणाला जात होती. सोबत सासू आणि गावची म्हातारी सुईण. मी नियमाप्रमाणे पोरीला टेबलावर आडवी केली. म्हातारी म्हणाली, "बाई, लेकरू खाली उतरून रायलं अन् तुमी तिले आडवी कायले पाडता? चालू द्या तिले."

मी चिडले. पण तास गेला, दीड गेला, पुढे काही सरकेना. मग सोडलं म्हातारीच्या हाती. तिने पोरीला भिंत धरून फिरवलं, कंबर चोळली, गोड चहा पाजला, कळ आली की तिला स्वतःच्या अंगावर रेलू दिलं. "सोस माय, सोस. आलंच लेकरू." मी फक्त प्रत्येक कळेनंतर ठोके ऐकत होते. पहाटे चारला गोधडीवर उकिडवी बसून मोकळी झाली. वाट मोठी करायला कैचीनं कापावं लागलं नाही, टाका नाही.

मग वार पडली आणि रक्त सुरू झालं. थांबेचना. म्हातारीने लेकरू छातीशी लावलं, पोट चोळलं, पण गर्भाशय कणकेच्या गोळ्यासारखं मऊच. मी इंजेक्शन दिलं, सलाईन धारेने सोडलं, एका हाताची मूठ आत आणि दुसरा हात पोटावर, असं दाबून बसले. वीसेक मिनिटं असतील. हात बधिर झाले, तेव्हा कुठे ते घट्ट झाल्याचं जाणवलं. म्हातारी इतका वेळ कंदील धरून उभी होती. म्हणाली, "माह्या हातून अशा तीन गेल्या, बाई."

तेव्हापासून लेबर रूममध्ये गोधडी ठेवायला लागले. ओरडणंही सोडलं. हो, ओरडायचो आम्ही. मांडीवर चापट, पोटावरून दाब, पहिलटकरीण दिसली की कैची. शिकवलंच तसं होतं. ज्या बायांशी मी तशी वागले त्यांची माफी मागायची राहून गेली, ते अजून सलतं.

तुमचं घरी, दवाखान्यात, वाटेत, कुठेही झालं असेल, लिहा. भाचीला आज रात्री फोन करायचाय.

पळसफूल
सिस्टर, काटा आला अंगावर. कुकर लावलाय, मग येते.

भामरागडची_आशा
पर्लकोटा नदी चढली की आमचा रस्ता बंद. खाटेची कावड करून बाईला आणायचे, चार माणसं आळीपाळीनं खांदा देत. मी दोनदा खाटेसोबत चालली. एकदा नदीच्या अलीकडंच पोरगी झाली, मोहाच्या झाडाखाली. नवं ब्लेड अन् दोरा माझ्या पिशवीत होता म्हणून निभलं.
आता माहेरघर आहे, तारीख जवळ आली की आरोग्य केंद्रापाशी आधीच आणून ठेवतो, सोबत आई नाहीतर सासू. पण धानाची रोवणी असली की येत नाहीत. घरची बाकी लेकरं कोण पाहणार? "उद्या येतो" म्हणतात अन् त्याच रात्री कळा लागतात. त्यांच्यावर कसं चिडायचं.
घरी झालं तर मी ४२ दिवसांत सात वेळा जाते, दवाखान्यात झालं तर सहा. वजन, ताप, श्वास, दूध ओढते का, सगळं पाहते. हे गावातच बाळ सांभाळायचं काम आमच्या गडचिरोलीतच बंग डॉक्टर नवरा-बायकोनं ३९ गावांत करून दाखवलं, बाळं मरायचं लई कमी झालं, मग देशभरच्या आशा सेविकांना हे काम आलं. मला याचा लई अभिमान आहे.

दोन_लेकरांची_माय
माझं सिझर. दोन्ही वेळा. पहिल्याला बारा तास कळा काढल्या, बाळानं पोटातच शी केली, ठोके ८० पर्यंत घसरले. अर्ध्या तासात बाहेर काढलं म्हणून आज शाळेत आहे. आणि तरी चुलतसासू पाचवीला सगळ्यांसमोर म्हणाली, "आमी तं वावरातच बाळंत झालो, अन् उठून सैपाक केला." सहा वर्षं झाली, ते वाक्य अजून जात नाही.

निवृत्त_सिस्टर
अगं बाई, वावरात बाळंत झालेल्या ज्या परत आल्या त्याच सांगतात. ज्या आल्या नाहीत त्यांचं कोण सांगणार? तू बारा तास कळाही काढल्यास आणि पोटही कापून घेतलंस. पुन्हा कोणी बोललं तर माझ्याशी बोलायला लाव.

वर्धेकर
पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? बायकोला सिकलसेल, रक्ताचा आजार. आमच्या भागात बरेच आहेत. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन सहा पॉइंट काहीतरी. मे महिना, ४६ डिग्री, मी बी निगेटिव्ह रक्त शोधत दुचाकीवर दोन जिल्हे फिरलो. ज्यानं दिलं तो अनोळखी माणूस, चहासुद्धा न घेता गेला. आत काय झालं मला आजही नीट माहीत नाही, आम्हाला गेटच्या आत येऊ देत नव्हते. एक सिस्टर दर तासाला बाहेर येऊन "बरी आहे" एवढंच सांगून जायची. तिला माहीत नसेल तिनं काय केलं माझ्यासाठी.

पायाळू_पोट्टा
मी पायाळू. घरीच झालो, सुईणीच्या हातून, आधी पाय. आई सांगते डोकं अडकलं तेव्हा आजीनं देव पाण्यात ठेवले होते. आता गावात कोणाचीही कंबर धरली की मला बोलावतात लाथ मारायला 😄 अन् वीज कडाडली की आई अजूनही घरात ओढते.

पळसफूल
आमचे मामाही पायाळू! त्यांना तर लोक बाजाराच्या दिवशी रांग लावायचे. उसण खरंच जाते म्हणे.

नाईटड्युटी
सिस्टर, मी सध्या लेबर रूमलाच आहे, दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय. पायाळू दादा, तुम्ही नशीबवान. डोकं अडकलं की मिनिटांचा खेळ असतो.
मला एक सांगायचंय. गावात अजूनही कोणीतरी घरी येऊन "कळा वाढायची सुई" देतो. मागच्या महिन्यात अशीच एक आली, पोट कडक, कळ सुटतच नव्हती, बाळाचे ठोके नाहीत. गर्भाशय फाटलेलं. बाई वाचली, बाळ नाही. तीच सुई आम्ही बाळ झाल्यावर एका मिनिटाच्या आत १० युनिट मांडीत देतो, रक्त थांबावं म्हणून. आधी द्यायची तर थेंब मोजून, सलाईनमधून, माणूस शेजारी बसवून. औषध तेच. कृपा करून घरी कोणाला टोचू देऊ नका.
बाकी खूप बदललंय. सरसकट कैची बंद, पोटावर दाब बंद, सोबत एक बाई आत चालते, नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापतो. बाळ थेट आईच्या छातीवर. पण सहा टेबलांना एक सिस्टर असली की कागदावरचं कागदावरच राहतं. बेल वाजली, येते.

दोन_लेकरांची_माय
@निवृत्त_सिस्टर, रडले मी आज. चुलतसासूला दाखवणार आहे.

वर्धेकर
@नाईटड्युटी ताई, जेवलात का?

नाईटड्युटी
आता जेवतेय दादा 🙏 पहिलटकरीण होती, मुलगी झाली, २७०० ग्रॅम. चालवलं तिला कॉरिडॉरमध्ये, टाका नाही लागला.

निवृत्त_सिस्टर
जुग जुग जिओ बेटा.
भाचीशी बोलले. म्हटलं, घरी मी येणार नाही. माझ्या हातात इंजेक्शन असेल, पण रक्ताची पिशवी नसेल, ऑपरेशन थिएटर नसेल. असा दवाखाना शोध जिथे चालू देतील, पाणी पिऊ देतील, कुशीवर नाहीतर उकिडवी बसू देतील, आणि मला आत येऊ देतील. आधी जाऊन विचारून ये, लाजू नको. गप्प बसली जरा. मग म्हणाली, "तू आत असशील तर चालेल." त्या म्हातारीचं सांगितलं तिला. कंबर कशी चोळायची ते मी तिच्याकडूनच शिकले.

भामरागडची_आशा
हे बरं केलं ताई.

पळसफूल
भाचीला पाचवा ना? म्हणजे ऐन थंडीत येईल बाळ. डिंकाच्या लाडवात गोडंबी घालता की नाही तुम्ही? पुण्याकडे मिळत नाही नीट. पत्ता कळवा, माझी बहीण मेळघाटात आहे, किलोभर पाठवते. तुपात मंद तळायची, लाल होऊ द्यायची नाही, कडू होते.

पायाळू_पोट्टा
अन् बाळ पायाळू झालं तर मले कळवजा.

निवृत्त_सिस्टर
पळसफूल, अर्धा किलो पुरे. अळीवही असेल तर बघ.